जपानच्या खेड्यांत एकट्याने: दिवस संध्याकाळपासून मागे आखा

जपानच्या खेड्यांत एकट्याने फिरणाऱ्याला चोराचिलटाची धास्ती फारशी नसते. माणूस अडकतो तो घड्याळामुळे. दिवसातून चार बस आणि त्यातली शेवटची दुपारी सव्वाचारला, मुक्कामी जेवण सहाला म्हणजे सहालाच, गावातलं एकुलतं दुकान पाचला बंद, आणि डिसेंबरात डोंगरांमधल्या घळईत साडेचारलाच अंधारून आलेलं. तोक्योत गाडी चुकली तर पाच मिनिटांचा खोळंबा होतो. इथे बस चुकली तर रात्र कुठे काढायची हाच प्रश्न उभा राहतो. दोघं असतील तर टॅक्सीचं भाडं वाटून घेता येतं, एकाने सामानापाशी थांबून दुसऱ्याने चौकशी करून येता येतं. एकट्याला यातलं काहीच नसतं. म्हणून दिवस सकाळपासून पुढे आखू नका, संध्याकाळपासून मागे आखा.

कागदावर आधी मुक्कामाच्या जेवणाची वेळ लिहा. बहुतेक घरगुती खानावळ-मुक्कामांत, म्हणजे मिन्शुकुत, ती सहा ते साडेसहा असते. जेवणाआधी अंघोळ करायची पद्धत आहे, तेव्हा पाचपर्यंत दारात पोचायला हवं. आता पाचच्या आत पोचवणाऱ्या बस शोधा आणि त्यातली शेवटची नव्हे, तिच्या आधीची धरा. शेवटची राखीव. तिथून मागे येत गाडी बदलण्याचे टप्पे मांडा. रेल्वेतून उतरून बस पकडायची असेल तर मध्ये निदान अर्धा तास ठेवा. लहान स्टेशनांवर बसचा थांबा कधी स्टेशनासमोर असतो, कधी दोनशे मीटर पलीकडे नगरपालिकेच्या कचेरीपाशी. हे सगळं मांडून मधे जो वेळ उरेल तो हिंडण्याचा. सुरुवातीला तो फार थोडा वाटेल, पण खेड्यात दिवसाला एक जागा नीट पाहिली तरी पुष्कळ होते.

वेळापत्रक वाचणं

गावाकडच्या बस पर्यटकांसाठी धावतच नाहीत. शाळेत जाणारी मुलं आणि दवाखान्यात जाणारी म्हातारी माणसं डोळ्यांसमोर ठेवून त्यांचं वेळापत्रक बनतं. त्यामुळे सकाळी साडेसातच्या आसपास दोन, दुपारी एखादी आणि शाळा सुटल्यावर एक-दोन, असा त्यांचा साचा असतो. रविवारी यातल्या निम्म्या नसतात, कित्येक मार्गांवर तर एकही नसते.

थांब्यावरच्या तक्त्यात दोन किंवा तीन रकाने असतात: हेइजित्सु म्हणजे कामाचे दिवस, दोयो म्हणजे शनिवार, आणि निची-शुकु म्हणजे रविवार व सार्वजनिक सुट्ट्या. काही तक्त्यांत शनिवार-रविवार एकत्र करून दोनिची-शुकु असा एकच रकाना करतात. या शब्दांच्या चित्रलिपीतल्या आकृत्या फोनमध्ये फोटो म्हणून ठेवून द्या. भाषांतराचं ॲप पावसात, सिग्नल नसलेल्या थांब्यावर नेमकं दगा देतं. एखाद्या वेळेच्या शेजारी छोटा गोल किंवा तारा दिसला तर खालची बारीक टीप वाचल्याशिवाय त्या बसवर विसंबू नका. ती बहुधा फक्त शाळेच्या दिवसांची असते आणि उन्हाळी सुट्टीत नसते. १३ ते १६ ऑगस्टचा ओबोन हा पूर्वजांचा सण आणि २९ डिसेंबर ते ३ जानेवारी या दिवसांत तर कामाच्या वारीही सुट्टीचं वेळापत्रक लागू होऊ शकतं.

फोनमधल्या नकाशांत मोठ्या कंपन्यांच्या बस दिसतात, पण गावाने स्वतः चालवलेल्या छोट्या बस अनेकदा दिसत नाहीत. नकाशा 'मार्ग नाही' म्हणाला तरी बस असू शकते, आणि नकाशात दिसणारी बस बंदही झालेली असू शकते. खात्रीचं वेळापत्रक गावाच्या नगरपालिकेच्या संकेतस्थळावर मिळतं. काही ठिकाणी मागणीप्रमाणे येणारी गाडी असते. ती आदल्या दिवशी किंवा तासभर आधी फोन करून सांगावी लागते, आणि काही गावांत ती केवळ रहिवाशांसाठीच असते. याची चौकशी आदल्या मुक्कामी यजमानांकडून करून घ्या.

आणखी एक सवय लावून घ्या. बसमधून उतरलात की गाव बघायला निघण्याआधी परतीच्या थांब्याचा फोटो काढा. परतीचा थांबा समोरच्या बाजूला असेलच असं नाही. काही ठिकाणी दोन्ही दिशांना मिळून एकच खांब असतो, काही ठिकाणी परतीची बस दुसऱ्याच गल्लीतून जाते. दुर्गम मार्गांवर 'जियू जोको' नावाचे टप्पे असतात. तिथे थांबा नसतानाही हात दाखवला की बस थांबते, मात्र वळणावर उभं राहू नका, चालकाला दुरून दिसाल अशा सरळ रस्त्यावर उभे राहा.

चढणं, उतरणं आणि सुटे पैसे

गावाकडच्या बसमध्ये मागच्या किंवा मधल्या दाराने चढायचं. दाराशी यंत्रातून आकडा छापलेला छोटा कागद बाहेर आलेला असतो, तो घ्या. त्याला सेइरिकेन म्हणतात. चालकाच्या डोक्यावरच्या फलकावर तुमच्या आकड्याखाली भाडं दिसतं आणि बस पुढे जाईल तसं ते वाढत जातं. उतरताना कागद आणि बरोबर मोजलेले पैसे चालकाशेजारच्या पेटीत टाका आणि पुढच्या दाराने उतरा. कागद घ्यायला विसरलात तर पहिल्या थांब्यापासूनचं भाडं द्यावं लागू शकतं.

एकाच चालकावर चालणाऱ्या एक-दोन डब्यांच्या रेल्वेगाड्यांतही हीच रीत आहे. नवखा माणूस इथे दोन चुका करतो. एक म्हणजे दुसऱ्या डब्यात आरामात बसून राहणं. कर्मचारी नसलेल्या स्टेशनावर फक्त पहिल्या डब्याची दारं उघडतात, तीही चढायला मागचं आणि उतरायला चालकाजवळचं. म्हणून पहिल्याच डब्यात बसा आणि उतरायच्या आधीच्या स्टेशनापासून पुढे सरकायला लागा. दुसरी चूक म्हणजे दार आपोआप उघडेल म्हणून थांबणं. थंड प्रदेशातल्या कित्येक गाड्यांत दाराशेजारचं बटण स्वतः दाबावं लागतं.

पेटी बहुधा उरलेले पैसे परत देत नाही. तिच्यातच सुटे करून देणारी वेगळी फट असते, पण ती हजार येनची नोट आणि नाणी एवढंच घेते. पाच हजाराची नोट पुढे केलीत तर चालकाला काही करता येत नाही आणि मागे रांग खोळंबते. यात अलीकडे एक भर पडली आहे. नोव्हेंबर २०२१ मध्ये पाचशे येनचं नवं नाणं आलं आणि ३ जुलै २०२४ ला नव्या नोटा आल्या. खेड्यांतल्या अनेक जुन्या यंत्रांना ही नाणी-नोटा ओळखता येत नाहीत. रोज सकाळी खिशात शंभराची दहा नाणी, दहाची दहा नाणी आणि हजाराच्या तीन-चार नोटा हव्यातच. सुटे कमी पडले तर बस हलायच्या आधी किंवा ती सिग्नलला उभी असताना करून घ्या. चालत्या बसमध्ये उठून पेटीपाशी गेलेलं चालकाला आवडत नाही.

शहरात सगळीकडे चालणारं, यंत्राला टेकवून भाडं भरायचं सुइका किंवा इकोका कार्ड इथे गृहीत धरू नका. अनेक लहान मार्गांवर ते चालत नाही. जिथे चालतं तिथेही एका विभागात कार्ड टेकवून चढायचं आणि दुसऱ्या विभागात उतरायचं, हे जमत नाही. चढलेल्या स्टेशनाचं फाटक कार्ड घेतं, उतरायच्या स्टेशनावर फाटकच नसतं, आणि मग रोख भाडं भरून कार्डावरची नोंद पुढच्या मोठ्या स्टेशनावर रद्द करून घेत बसावं लागतं. कुमामोतोतल्या पाच बस कंपन्यांनी तर नोव्हेंबर २०२४ मध्ये यंत्रं बदलण्याच्या खर्चापायी ही देशभर चालणारी कार्डं घेणंच थांबवलं. लांबच्या गावी जाताना कागदी तिकीट काढणं सगळ्यात निर्धोक.

रोख रकमेचं म्हणाल तर सेव्हन-इलेव्हन दुकानांतली आणि पोस्टाची एटीएम परदेशी कार्ड घेतात. गावात बहुधा पोस्टच असतं, आणि तिथलं एटीएम संध्याकाळी लवकर बंद होतं. रविवारी कित्येक ठिकाणी उघडतही नाही. शेतकरी सहकारी संस्थेच्या एटीएमवर विसंबू नका. तीन दिवसांचा मुक्काम, जेवण आणि एका आणीबाणीच्या टॅक्सीचे पैसे जवळ असल्याशिवाय शहर सोडू नका. मिन्शुकुचा दर दोन जेवणांसह माणशी साधारण ८,००० ते १२,००० येन धरा, आणि तोही बहुधा रोखीनेच.

मुक्काम

आधी न सांगता दारात जाऊन उभं राहिलं तर खोली रिकामी असूनही नकार मिळतो. यजमानीणबाई सकाळीच माणसं मोजून बाजार करतात. एक ताट वाढवायला घरात मासा नसतो, म्हणून त्या नाही म्हणतात. 'सुदोमारी', म्हणजे जेवणाशिवाय नुसता मुक्काम, असं विचारलंत तर कधीकधी होकार मिळतो, पण मग जेवणाची तजवीज तुमची.

काही ठिकाणं शनिवारी आणि सुट्टीच्या हंगामात एकट्याला खोली देत नाहीत, कारण दोघांची खोली एकाने अडवली की त्यांचं नुकसान होतं. म्हणून मुक्कामाचं गणित असं बसवा की खेडी रविवार ते गुरुवार रात्रींत येतील आणि शनिवारची रात्र जवळच्या मध्यम शहरातल्या साध्या हॉटेलात जाईल. रविवारी बस नसण्याची अडचणही यातून बरीच सुटते, कारण शहरातून निघणारे मोठे मार्ग रविवारीही चालू असतात. मात्र त्या रविवारी शेवटच्या टप्प्याची बस आहे ना, एवढं पाहून ठेवा.

फोनवर जपानी बोलता येत नसेल तर मोठ्या स्टेशनातल्या पर्यटन चौकशी कक्षात जा. तिथली माणसं अनेकदा तुमच्या वतीने फोन करून देतात. त्या एका फोनवर चार गोष्टी सांगून टाका: माणूस एक, येण्याची वेळ, कुठल्या बसने येणार, आणि काय खात नाही. थांब्यावर घ्यायला येतात का, हेही तेव्हाच विचारा. बरेच जण गाडी घेऊन येतात.

शाकाहारी लोकांनी खाण्याचं पोचल्यावर सांगून काहीच उपयोग नाही. अडचण मासे-मटणापुरती नाही. जवळपास प्रत्येक रश्श्यात, उकडलेल्या भाजीत, लोणच्यावरच्या पाण्यातसुद्धा वाळवलेल्या माशाचं दाशी, म्हणजे मासा उकळून काढलेलं पाणी असतं, आणि ते घालणाऱ्याला तो मांसाहार वाटत नाही. 'निकु तो साकाना वा ताबेमासेन, साकाना नो दाशी मो दामे देसु' (मांस आणि मासे खात नाही, माशाचं दाशीही चालत नाही) हे वाक्य आरक्षण करतानाच सांगा. तरीही नकार आला तर सुदोमारी घ्या आणि सोबत पटकन शिजणारं काही ठेवा. खात्रीचं शाकाहारी जेवण हवं असेल तर बौद्ध देवळांतला मुक्काम पाहा. कोयासान डोंगरावर अशी पन्नासहून जास्त देवळं आहेत, आणि तिथल्या शोजिन जेवणात मासाही नसतो. तरी आरक्षणात तसं लिहाच.

पासपोर्ट कायम अंगावर हवा. परदेशी पाहुण्यासाठी तो कायदाच आहे, आणि मुक्कामी त्याची प्रत काढून घेतात.

फोनबद्दल एक धोक्याची गोष्ट

पर्यटकांना विकली जाणारी बहुतेक ई-सिम फक्त इंटरनेट देतात. तशा सिमवरून पोलिसांचा ११० आणि अग्निशमन-रुग्णवाहिकेचा ११९ लागत नाही. इंटरनेटवरून मिळणाऱ्या ०५० क्रमांकावरूनही लागत नाही. शहरात शेजारचा माणूस फोन लावून देईल, डोंगरवाटेवर तुम्ही एकटेच असता. थोडे जास्त पैसे मोजून आवाजी कॉलचं सिम घ्या किंवा मायदेशाच्या सिमचं रोमिंग चालू ठेवा. सिम निवडताना दोकोमो कंपनीच्या जाळ्यावर चालणारं घ्या, डोंगराळ भागात त्याची पोच चांगली आहे. हिरवे सार्वजनिक फोन अजून स्टेशनांबाहेर आणि गावच्या कचेऱ्यांपाशी दिसतात. त्यांवरून ११० आणि ११९ नाणं न टाकता लागतात. लाल बटण असेल तर आधी ते दाबा.

मी कुठे आहे, हे सांगता येणं तितकंच महत्त्वाचं. रस्त्याकडेच्या पेय-विक्री यंत्रावर पत्त्याची चिकटपट्टी असते, विजेच्या खांबावर क्रमांकाची पाटी असते. ११९ वर तो पत्ता किंवा क्रमांक वाचून दाखवला की तुमची जागा शोधता येते. जपानच्या पर्यटन संस्थेची इंग्रजी मदतवाहिनी ०५०-३८१६-२७८७ चोवीस तास चालू असते. भूकंप-पावसाच्या सूचनांसाठी 'सेफ्टी टिप्स' हे ॲप निघण्याआधी टाकून घ्या. पावसाच्या इशाऱ्यांना १ ते ५ पातळ्या असतात. ४ आली की सगळ्यांनी सुरक्षित जागी निघायचं असतं. ५ ची वाट पाहू नका, तेव्हा बाहेर पडणंच धोक्याचं झालेलं असतं. जून-जुलैचा पाऊस आणि ऑगस्ट ते ऑक्टोबरची वादळं या काळात दरडी कोसळून रस्ते आणि रेल्वे बंद होतात, म्हणून चार-पाच दिवसांत एक मोकळा दिवस ठेवाच.

पायवाटा आणि जनावरं

होन्शु या मुख्य बेटावर काळं अस्वल आहे, उत्तरेच्या होक्काइदो बेटावर तपकिरी. शिकोकुत थोडीच उरली आहेत, क्युशूत नाहीत. २०२३ आणि २०२५ ही दोन्ही वर्षं अस्वलांच्या हल्ल्यांसाठी फार वाईट गेली, अकिता आणि इवाते प्रांतांत विशेष. जंगलात बीचची फळं आणि ओकच्या बिया कमी आल्या की अस्वलं शरदात गावांपर्यंत उतरतात. बोलत जाणाऱ्या टोळक्याची चाहूल त्यांना लागते, एकट्याची लागत नाही. म्हणून पाठपिशवीला घंटा बांधा, ओढ्याकाठी आणि वळणांवर टाळ्या वाजवा, कानात गाणी लावू नका, आणि पहाटे व तिन्हीसांजेला जंगलवाट टाळा. समोर आलंच तर पाठ दाखवून पळू नका. त्याच्याकडे बघत हळूहळू मागे सरका. अंगावर आलं तर पालथे पडा आणि दोन्ही हातांनी मान झाका. अस्वलाला पळवून लावायचा फवारा विमानात नेता येत नाही, तो तिथेच विकत किंवा भाड्याने घ्यावा लागतो. अलीकडे अस्वल दिसलं का, हे मुक्कामी रोज विचारा.

जुलै ते ऑक्टोबरमध्ये मोठ्या गांधीलमाश्यांचा धोका त्याहून रोजचा असतो. काळे कपडे आणि अत्तर टाळा. एक माशी भोवती घिरट्या घालू लागली की पोळं जवळ आहे असं समजा आणि हात न झटकता वाकून मागे फिरा.

शेताच्या बांधांवरून चालू नका, ती खाजगी जागा आहे. रानडुकरांसाठी लावलेल्या तारेत वीज असते. पायवाटेवर जाळीचं फाटक आडवं आलं तर उघडून जा आणि मागे पुन्हा कडी लावा. ते उघडं राहिलं तर एका रात्रीत कुणाचं तरी शेत जातं. रानभाज्या आणि अळंबी तोडू नका. दोरी बांधलेल्या डोंगरावर तर पाऊलही टाकू नका, कारण अळंबीचा हक्क कुणाचा तरी असतो.

संध्याकाळी गावभर कर्ण्यांवरून एक धून वाजते, बहुधा पाचला, हिवाळ्यात काही ठिकाणी त्याआधी. आपत्तीच्या सूचनांची यंत्रणा चालू आहे ना, हे त्यातून रोज तपासलं जातं आणि मुलं घरी परततात. ती ऐकू आली तेव्हा तुम्ही अजून जंगलात असाल तर पुढचं ठिकाण सोडा आणि उतरायला लागा.

सामान

चाकांची मोठी बॅग छोट्या बसमध्ये मावत नाही आणि गावच्या स्टेशनात लॉकर नसतो. मोठी बॅग ताक्क्युबिन या घरपोच सामान-सेवेने दोन-तीन मुक्काम पुढच्या हॉटेलात पाठवा. साधारण दुसऱ्या दिवशी पोचते, बेटांवर आणि फार लांब एक दिवस जास्त लागतो. हॉटेलला आधी कळवा. पाठीवर दोन दिवसांचे कपडे, डोक्याला लावायचा दिवा, पावसाळी कोट, लिटरभर पाणी आणि एका वेळचं खाणं एवढं पुरे. घराघरांत दाराशीच बूट काढायचे असतात, तेव्हा पटकन निघणारे बूट घ्या.

पहिल्यांदा जाताना

पहिल्या खेपेला किसो खोऱ्यातली मागोमे ते त्सुमागो ही वाट घ्या. ८ किलोमीटर, रमतगमत तीन तास. नाकात्सुगावा स्टेशनातून बसने मागोमेला जायचं आणि चालून त्सुमागोला उतरायचं. मागोमे सुमारे ६०० मीटरवर, खिंड ८०० च्या आसपास, त्सुमागो ४२० वर. उलट निघालात तर चढ जवळजवळ दुप्पट पडतो. वाटेवर अस्वलांसाठी घंटा टांगलेल्या आहेत, प्रत्येक घंटा वाजवत जा. हंगामात दोन्ही गावांच्या चौकशी कक्षांमध्ये सामान पोचवायची सोय असते. शिवाय या दोन गावांना जोडणारी बस आहे, म्हणजे पाय दुखावला तरी मागे फिरायला वाट आहे. दिवस मागून आखायची सवय इथे निवांत होते. त्यानंतर शिकोकुतलं इया खोरं किंवा कुमानोच्या नाकाहेची वाटेसारखी विरळ बसची ठिकाणं घ्या.

शेवटची बस गेलीच तर

थांब्यावर अंधार होईपर्यंत बसू नका. आधी मुक्कामी फोन करा. उशीर होणार हे कळल्यावर यजमान ताट झाकून ठेवतात आणि जमलं तर गाडी घेऊन येतात. न कळवता तुम्ही आला नाहीत तर ते काळजीने पोलिसांना कळवू शकतात, आणि रात्री शोधासाठी गावातली माणसं घराबाहेर काढली जातात. टॅक्सीचे क्रमांक लहान स्टेशनाच्या भिंतीवर किंवा सार्वजनिक फोनपाशी लावलेले असतात. गावची टॅक्सी संध्याकाळीच बंद होते, म्हणून फोन सातच्या आत झाला पाहिजे. वीस किलोमीटरला सात-आठ हजार येन लागतील. टॅक्सीही नसेल तर गावातली पोलिसचौकी शोधा. तिला चुझाइशो म्हणतात, तिथे पोलीस कुटुंबासह राहतो. तो गस्तीवर गेलेला असेल तर दाराशी ठेवलेल्या फोनचा रिसीव्हर उचला, तो ठाण्याला जोडलेला असतो.